मूळ निकाल पाहिलेला नाही

त्या वकिलांच्या ऑफिसात दुपारची जेवणं उरकली की वाचन व्हायचं. कोर्टात द्यायच्या लेखी युक्तिवादात जिथे जिथे जुन्या निकालाचा हवाला दिलेला असेल, तिथे एकाने मसुद्यातलं वाक्य वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ पुस्तक उघडून तेच वाक्य त्यातून मोठ्याने वाचायचं. शब्द जुळले का, पान बरोबर आहे का, वाक्य कोणत्या न्यायाधीशाचं आहे, पुढे कोणी तो निकाल फिरवला तर नाही, हे सगळं तपासून झालं की समासात पेन्सिलीने बरोबरची खूण. खूण नसलेला कागद ऑफिसाचा उंबरठा ओलांडत नसे. इतर ऑफिसांतले लोक या प्रकाराला हसत, आणि स्वतःवर वेळ आली की इथेच येऊन विचारत.

ही पद्धत मोठ्या वकिलांची. संदर्भ कसे द्यावेत यावर त्यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली होती आणि वकील संघ ती प्रत्येक नव्या वकिलाच्या हातात ठेवायचा. जे स्वतः पाहिलं त्याचाच हवाला द्या. दुसऱ्याकडून कळलं असेल तर कोणाकडून ते सांगा. सारांश वाचून निकाल वाचल्याचा आव आणू नका. कोर्टात त्यांना कौतुकाने चालतं ग्रंथालय म्हणत. त्यांनी पान सांगितलं की न्यायाधीश मान हलवून लिहून घेत, पुस्तक मागवायची तसदी कोणी घेत नसे. वकिलाला याहून जास्त काय हवं असतं? फी सगळ्यांनाच मिळते.

त्यांच्या हाताखाली त्यांची मुलगी काम करायची. तिला सगळे धाकट्या वकीलबाई म्हणत. बापाची लेक म्हणून फुकट पुढे आली असेल असं ज्यांना वाटायचं, त्यांनी तिला एकदा वाचनाला बसलेलं बघायला हवं होतं. तिच्या डोळ्यांतून तळटीपेतला आकडासुद्धा सुटायचा नाही. आणि एवढी सगळी मान मोडून तिला हवं होतं ते एवढंच, की आपण उभं राहून पान सांगावं आणि न्यायाधीशाने ते न उघडता लिहून घ्यावं. वडिलांचं घेतात तसं. आपल्या शब्दावर.

शिंप्याचा खटला आला तेव्हा ती संधी आल्यासारखी वाटली. या खटल्यात पहिल्यांदाच युक्तिवादाखाली वडिलांच्या सहीशेजारी तिची सही होणार होती.

शिंपी म्हणजे सगळ्यांचे मास्तर. गळ्यात कायम टेप, कानावर खडू. त्यांच्या कामाच्या खोलीला एकच मोठी खिडकी, आणि शेजारच्या घरमालकाने त्या खिडकीला अगदी खेटून भिंत चढवायला घेतली होती. "ताई, काळ्यावर काळा दोरा घालायचा म्हणजे दिवसाचा उजेडच लागतो," मास्तर म्हणाले होते. "दिवा लावला की कपड्याचा रंग खोटं बोलतो. ती भिंत वर गेली की माझं दुकान बसलंच म्हणून समजा." भिंतीला स्थगिती मिळवायची होती आणि तीही लवकर, कारण गवंडी काही कोर्टाच्या तारखा बघून विटा रचत नाहीत.

मसुदा तिनेच लिहिला. त्या दिवशी वाचनाला बसल्यावर वडील म्हणाले, "यात उजेडाचा तो जुना निकाल नाही. तो घाल." आणि खुर्चीत मागे टेकून, डोळे मिटून त्यांनी वाक्य सांगितलं: "खोलीतला उजेड ही सोय नव्हे, ज्या कामासाठी खोली आहे, त्या कामाचा तो प्राण आहे." पाठोपाठ खंड आणि पान.

वाक्य तिला पाठच होतं. लहानपणापासून ऐकत आली होती. वडिलांच्या पुस्तिकेत, अवतरण कसं द्यावं याचा पहिला नमुना म्हणून हेच वाक्य छापलेलं होतं. तिने ते लिहिलं आणि कपाटाकडे गेली. तो खंड तिथे नव्हता. पाठ निखळली म्हणून बांधणीला गेला होता.

"सर, कोर्टाच्या ग्रंथालयातून आणते. दहा मिनिटांत येते."

"कशाला?"

"वाचनाला."

वडील हसले. "अगं, हा निकाल मी तुझ्या जन्माच्या आधीपासून कोर्टात म्हणतोय. माझं वाचन तू घेणार? कर खूण."

ती क्षणभर पेन्सिल हातात धरून उभी राहिली. वडिलांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं तिला वाटलं. तिने खूण केली. चूक म्हणाल तर तिची एवढीच, आणि ती काही लहान नव्हती.

विरुद्ध बाजूच्या वकिलांना कोर्टात मुंगी म्हणत, कारण ते कुठल्याही फटीत शिरायचे. आवाज बारीक, चाल हळू, पण एकदा शिरले की आत काहीतरी सापडल्याशिवाय बाहेर येत नसत. सुनावणीच्या दिवशी मोठ्या वकिलांनी ते वाक्य असं काही म्हटलं की मागे बसलेल्या मास्तरांनी मान डोलावली. न्यायाधीशांनी पान लिहून घेतलं. मग मुंगी उठले. त्यांच्या हातात एक जाडजूड पुस्तक होतं.

"साहेब, वाक्य आहे," ते म्हणाले. "शब्दन् शब्द बरोबर आहे. पानही बरोबर. फक्त ते निकालातलं नाही."

"म्हणजे?"

"तीन न्यायाधीशांपुढे प्रकरण होतं. दोघांनी उजेड मागणाऱ्याचा दावा फेटाळला. तिसऱ्यांना ते पटलं नाही, म्हणून त्यांनी आपलं वेगळं मत लिहिलं. हे वाक्य त्या तिसऱ्यांचं. अल्पमताचं. म्हणजे समोरच्या माझ्या वकीलमित्रांनी हरलेलं मत जिंकलेलं म्हणून तुमच्यापुढे ठेवलंय. खरा निकाल माझ्या बाजूने आहे."

पुस्तक वर गेलं. न्यायाधीशांनी बराच वेळ वाचलं.  असला प्रकार दुसऱ्या कोणाच्या हातून झाला असता तर धाकटीने आणि वडिलांनी आठवडाभर त्याची खिल्ली उडवली असती.

"हे कोणाच्या हातून झालं?" न्यायाधीशांनी विचारलं.

ती अर्धी उठलीसुद्धा होती. दोघांच्या हातून, असं म्हणणार होती. पण वडील तिच्या आधी बोलले.

"मसुदा माझ्या कनिष्ठ सहकाऱ्यांचा आहे, साहेब. पडताळणीही त्यांचीच. खूण त्यांच्या हातची आहे."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. तोंडात मारल्यासारखी ती खाली बसली. न्यायाधीशांनी तिच्याकडून आठवड्यात लेखी खुलासा मागितला. पटला नाही तर प्रकरण वकील संघाच्या शिस्त समितीकडे जाणार होतं. स्थगितीवरही खुलाशाच्याच दिवशी ऐकायचं ठरलं. तोवर भिंत खिडकीच्या खालच्या चौकटीपाशी थांबवतो, असा शब्द मुंगींनी दिला.

बाहेर मास्तर वाट बघत होते. "ताई, ते पुस्तक आपण आधी बघितलं नव्हतं का?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं.

संध्याकाळी घरी, जेवणाच्या टेबलाशी, वडिलांनी खुलासा सांगायला सुरुवात केली. आई समोर मटार सोलत बसली होती.

"लिही. घाईमुळे मुख्य निकाल आणि अल्पमत यांतला फरक माझ्या लक्षात आला नाही..."

"बाबा, फरक लक्षात यायला मी ते पुस्तक कुठे बघितलं होतं?"

"तेच तर. बघायला हवं होतंस."

तिला वाटलं, हे थट्टा करताहेत. पण ते थट्टा करत नव्हते. मग तिने जे विचारायचं ते विचारलं. "तुम्ही तो निकाल वाचलाय ना?"

वडिलांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिले. "आमचे सर ते वाक्य म्हणायचे," ते शेवटी म्हणाले. "फार सुंदर म्हणायचे. त्यांच्या तोंडून ऐकलं आणि पाठ झालं."

"आणि पान?"

"पानही तेच सांगायचे."

आईचे हात थांबले.  ज्या माणसाने लेकीला सारांशावर कधी विसंबू दिलं नाही, एका आकड्यासाठी भर उन्हात ग्रंथालयात पिटाळलं, त्याने आपलं सगळ्यांत लाडकं वाक्य आयुष्यात एकदाही उघडून बघितलेलं नव्हतं. आणि पुस्तिका वाचून कोर्टात ते वाक्य म्हणणाऱ्या एकाही वकिलाने बघितलेलं नव्हतं. मोठ्या वकिलांनी दिलंय म्हणजे बरोबरच असणार. तिनेही तेच केलं होतं.

"बाबा, पुस्तिकेत पहिलाच नमुना—"

"म्हणूनच सांगतोय," वडील एकदम म्हणाले. "मी चूक मान्य केली तर ती एका खटल्यापुरती राहणार नाही. ती पुस्तिका जाईल, नाव जाईल. या वयात मी कोणत्या तोंडाने कोर्टात उभा राहू? तुझं तसं नाही. नवीन माणूस चुकतो, लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात."

"नवीन माणसाचंच विसरत नाहीत. त्याची दुसरी ओळखच नसते."

"जरा बाबांच्या वयाचा विचार कर गं," आई मटारांकडे बघत म्हणाली.

म्हणजे हे दोघांचं आधीच ठरलेलं होतं. तिला रडू आलं नाही, संताप आला. चूक झाली याचा नव्हे. चूक कोणाचीही होते. चूक झाल्याबरोबर, क्षणाचाही विचार न करता, स्वतःच्या पोरीला पुढे ढकलून हा माणूस मोकळा झाला, आणि आता तिने ते राजीखुशीने केलं असं लिहून मागत होता.

वडिलांनी सांगितलेलं तिने काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून तिने स्वतःचा खुलासा तयार केला. तीनच ओळी झाल्या: "सदर वाक्य मला माझ्या वरिष्ठांनी तोंडी सांगितले; त्यांनी ते त्यांच्या वरिष्ठांकडून ऐकले होते. मूळ निकाल मी पाहिलेला नाही. न पाहता पडताळणीची खूण केली, ही चूक माझी आहे." पुस्तिकेच्या नियमांत बसवून लिहिलेला इतका चोख संदर्भ त्या ऑफिसातून आजवर गेला नसेल.

वडिलांना अंधारात ठेवून तो द्यायचा तिचा इरादा नव्हता. तिने कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो सावकाश वाचला, एक स्वल्पविराम टाकला आणि परत दिला.

"बरोबर लिहिलंयस. दे."

"तुम्हाला चालेल?"

"खरं आहे ते. न चालायला काय झालं?"

तिच्या मनावरचा धोंडा उतरला. बाबा घाबरले होते, आता सावरले, असं तिला वाटलं. त्यांच्यावर इतकं चिडल्याची लाजही वाटली. तो आठवडाभर ती ग्रंथालयात ठाण मांडून बसली. मास्तरांसाठी तिने उजेडाचा दुसरा निकाल शोधून काढला, अलीकडचा. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत दोनदा वाचला. तो पुढे कुठे फिरवला गेलाय का तेही पाहिलं. एकमताचा निकाल, आणि मास्तरांच्या बाजूने. वडिलांना दाखवायला गेली तर ते म्हणाले, "आता तूच बघ सगळं. माझा विश्वास आहे." ते ऐकूनही वेडीला बरंच वाटलं.

तारखेला न्यायाधीशांनी खुलासा मोठ्याने वाचला आणि चष्म्यावरून मोठ्या वकिलांकडे पाहिलं. "हे असं आहे?"

मोठे वकील उभे राहिले. कोट सारखा केला. 

"साहेब, ही माझी मुलगी आहे," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी कोर्टात हा शब्द कधी उच्चारला नव्हता. इथे ती कनिष्ठ सहकारी होती. नात्याची सवलत नको म्हणून दोघांनी ते कटाक्षाने पाळलं होतं. तिला एकदम भरून आलं. आता बाबा सांगतील, असं तिला वाटलं.

"एकुलती एक आहे. आमच्याकडून लाड जरा जास्तच झाले असतील. तिने जे लिहिलंय त्याबद्दल मी काही बोलणार नाही. बाप म्हणून मला ते शोभणार नाही. जो काही दोष असेल तो माझ्या पदरात घाला, साहेब. तिचं सगळं आयुष्य अजून पुढे आहे."

त्यांचा आवाज थोडा कापला.  मागच्या बाकावर कोणीतरी "अरेरे" म्हणालं. एकही खोटा शब्द न बोलता त्यांनी तिला खोटारडी ठरवलं होतं, आणि वर थोरपणाही पदरात पाडून घेतला होता. आठवडाभरापूर्वी टाकलेल्या स्वल्पविरामाचा अर्थ तिला आत्ता कळला. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं.

न्यायाधीशांनी खुलासा बाजूला ठेवला. "बाई, तुमच्या वरिष्ठांचं मन मोठं आहे. दुसऱ्या कोणी हे खपवून घेतलं नसतं. आपली चूक वडिलांवर ढकलताना निदान त्यांच्या पांढऱ्या केसांकडे तरी बघायचं."

"साहेब, मी—"

"पुरे. या वेळी ताकीद देऊन सोडतो."

मुंगींनीसुद्धा तिच्याकडे वळून हळू आवाजात म्हटलं, "असा बाप मिळायला नशीब लागतं हो." ते मनापासून बोलत होते. म्हणून तर ते जास्त लागलं.

वडील खाली बसले आणि कुजबुजले, "बघ, मिटलं की नाही? शिस्त समिती नाही, काही नाही."

तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.  कारकुनाने शिंप्याच्या खटल्याचा पुकारा केला होता आणि मास्तर मागे उभे होते. त्यांच्या खिडकीचं आजच ठरायचं होतं. ती उठली.

तिने मुद्दा मांडला. नवा निकाल सांगितला, खंड सांगितला, पान सांगितलं. न्यायाधीशांनी पेन उचललं नाही. तिने पान पुन्हा सांगितलं. त्यांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं आणि तिच्या शेजारी पाहिलं.

"मोठे वकील, तुम्ही सांगा. हे बरोबर आहे?"

मोठे वकील बसल्या जागेवरून किंचित उठले. "बरोबर आहे, साहेब. माझ्या परिचयातला निकाल आहे."

न्यायाधीशांनी लगेच पेन उचललं आणि लिहायला लागले.

गप्प राहायचं, बस. काम झालंच होतं. स्थगिती मिळणार, भिंत थांबणार, मास्तर दिवसाउजेडी काळ्यावर काळा दोरा घालणार. संदर्भही बरोबर होता. तो तिने स्वतः वाचला होता. आणि इथून पुढे आयुष्यभर तिने सांगितलेलं प्रत्येक पान या माणसाच्या न वाचता हललेल्या मानेवर खरं ठरणार होतं. मागे मास्तरांनी हात जोडले होते. त्यांच्याकडे बघून तिचा धीर जवळजवळ सुटला.

"साहेब, कृपा करून लिहू नका," ती म्हणाली.

पेन थांबलं.

"यांनी हा निकाल वाचलेला नाही. यांनी त्याचं नावही आत्ताच ऐकलंय. मी वाचलाय. पुस्तक मी आणलंय. ते तुम्ही स्वतः बघा आणि मगच काय ते ठरवा. माझ्या अशिलाचं नुकसान झालं तर ते माझ्या शब्दामुळे होऊ दे, यांच्या शब्दामुळे नको."

मागे खुर्च्या करकरल्या. मुंगींनी मान वर केली. न्यायाधीश संतापतील असं तिला वाटलं, आणि ते संतापलेलेच होते. पण त्यांनी हात पुढे केला. कारकुनाने तिच्याकडून पुस्तक नेऊन दिलं. त्यांनी ते उघडलं नाही. त्यावर तळहात ठेवला आणि मोठ्या वकिलांकडे पाहिलं.

"तुम्ही परिचयातला म्हणालात. किती न्यायाधीशांनी दिलेला निकाल आहे हा?"

मोठे वकील उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला. समोरचे कागद उचलले, खालीवर केले, पुन्हा ठेवले. मग काहीतरी शोधत असल्यासारखे ते तिच्या बाजूला वाकले, आणि फाईल तोंडाशी धरून अगदी घरातल्या आवाजात म्हणाले, "बाळा, किती?"

तिला माहीत होतं. ती न्यायाधीशांकडे बघत उभी राहिली. तिने सांगितलं नाही.